रेघेखालचा आकडा

सहवहीत एखादी नोंद खोडली की तिच्यावरून जाणारी रेघ आकड्याच्या बरोबर मधून जात नाही. किंचित खालून जाते, आकड्याच्या पोटाला जेमतेम लागून. रेघ राखाडी असते आणि आकडा काळाच राहतो, त्यामुळे खोडलेलंही न खोडलेल्याइतकंच स्वच्छ वाचता येतं.

डॉ. उत्पला मेश्राम त्या रेघेकडे बघत बसली होती. ही रीत कागदी वह्यांपासून चालत आलेली. चुकलं तर गिरगटायचं नाही, पान फाडायचं नाही. एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी कारण, सही, तारीख. आज जी चूक वाटते ती उद्याही चूकच असेल असं नाही, हे प्रयोगशाळेत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं जातं आणि बहुतेक जण ते दुसऱ्या आठवड्यात विसरतात.

रेघेखालचा आकडा होता ४.१. कारण: नमुना दूषित. सही तिचीच.

पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेची आपापली वही असे आणि ती कपाटात असे. पुण्यात फसलेला प्रयोग दोन वर्षांनी इंदूरला पुन्हा फसे, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसे. सहवहीने ते संपवलं. बारा प्रयोगशाळा, वही एकच. जनुकं वाचणारी यंत्रं, तराजू, डीप फ्रीझर, अगदी थेंब मोजणारं पिपेटसुद्धा आपापली मोजमापं स्वतःच तिच्यात लिहितं. माणसाने वाचायचं, अर्थ लावायचा आणि सही करायची. सही केली की नोंद धरली, रेघ मारली की सोडली. नागपुरातला आकडा त्याच क्षणी कोईमतूरला दिसतो. एरवी पंधरा वर्षं खाल्ली असती असं एक औषध या वहीमुळे चार वर्षांत माणसांपर्यंत पोचलं होतं. त्याचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं. रुग्ण त्याला ‘किल्ली’ म्हणत.

किल्ली सिकलसेलवर होती. या आजारात तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन प्राणवायू सोडला की एकमेकांना चिकटून लांब काड्या बनवतं. गोल, मऊ पेशी विळ्यासारखी वाकते, ताठरते आणि केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. अडकली की पुढच्या हाडाला रक्त मिळत नाही. मग ज्या वेदना सुरू होतात त्यांना डॉक्टर ‘क्रायसिस’ म्हणतात, कारण वेदना हा शब्द त्यांना पुरत नाही. आईच्या पोटात असताना मात्र प्रत्येकाच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं, जे असं चिकटत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर त्या जनुकाला कुलूप लावून टाकतं. महिन्यातून एकदा टोचायची किल्ली ते कुलूप उघडत होती. चाचणीतल्या चार हजार माणसांत.

उत्पलाचा धाकटा भाऊ सुगत त्या चार हजारांतला एक होता. आईवडिलांकडून सदोष जनुकाची एक प्रत उत्पलाला आली, सुगतला दोन्ही. एक असलेला निरोगी जगतो. तिने भावाची गोष्ट सुरुवातीलाच कळवली होती. रुग्णांची नावं झाकलेली, नमुन्यांवर फक्त क्रमांक, तपासणी बारापैकी कुठल्याही प्रयोगशाळेत; कोणता नमुना कुणाचा हे कुणालाच कळत नसल्याने समितीने हरकत घेतली नाही.

दोन आठवड्यांपूर्वी ती भलतंच काही शोधत होती. नमुने वाया का जातात हे बघायला तिने सगळ्या प्रयोगशाळांच्या फक्त खोडलेल्या नोंदी एका पानावर मागवल्या. तसं पान आजवर कुणी मागवलं नव्हतं. सोडलेल्या नोंदी बघून करायचं काय? पान उघडलं. ३.८. ४.४. ५.० आणि पुन्हा ३.८. बारापैकी नऊ प्रयोगशाळा. प्रत्येकीपुढे तेच दोन शब्द: नमुना दूषित.

हे आकडे कशाचे, ते एकदा सांगायला हवं. रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी हजारो असतात आणि सगळ्या थोडंथोडं रक्त बनवतात. त्यांतल्या एकीत नको तो बदल झाला आणि ती बाकीच्यांपेक्षा जोमाने वाढू लागली, तर रक्तात तिचीच लेकरं दिसू लागतात. शंभरात अर्धं असेल तर सोडून द्यावं. शंभरात चार, तेही तरुण माणसात, म्हणजे पुढेमागे येऊ शकणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाची चाहूल. किंवा मग शेजारच्या नळीतला थेंब उडून मिसळला असेल.

सुरुवात प्रामाणिक होती. पहिल्या प्रयोगशाळेत एका नळीचं झाकण खरोखरच सैल निघालं होतं. त्यांनी नोंद खोडली, योग्यच केलं. पुढे दुसरीकडे तसाच आकडा आला. सही करण्याआधी त्यांनी बाकीच्यांकडे काय आहे ते पाहिलं. कुणाकडेच काही नव्हतं. एका ठिकाणी होतं ते खोडलेलं. त्यांनीही खोडलं. तिसऱ्यांच्या वेळेला वहीच मदतीला आली: “अशा नोंदीसाठी इतर प्रयोगशाळांनी ‘नमुना दूषित’ हे कारण दिले आहे. वापरावे?” उत्पलाने ‘हो’वर बोट टेकवलं होतं. तिसऱ्यांपासून नवव्यांपर्यंत सगळ्यांनी टेकवलं होतं. सगळे एकमेकांना दिसत होते, म्हणूनच कुणालाच काही दिसलं नव्हतं.

*

“म्हणजे तू काय म्हणून राहिली, नऊच्या नऊ लॅब येड्या?” फरहाना शेखने विचारलं. ती उत्पलाची कॉलेजपासूनची मैत्रीण. इथली यंत्रं तिच्या ताब्यात. दोघी जेवणाच्या खोलीत डबे उघडून बसल्या होत्या.

“येड्या नाही. शहाण्या. म्हणूनच तर.”

“मग परत चालव नं तो नमुना. फ्रीझरमध्ये पडलाच आहे.”

“खोडलेला नमुना मशीन घेत नाही. आधी रेघ मागे घ्यावी लागते.”

फरहानाचा घास हातातच राहिला. नियम दोघींनाही पाठ होता. धोक्याच्या नोंदीवरची रेघ कुणीही एकाने मागे घेतली, की बाराही प्रयोगशाळांची फेरतपासणी होईपर्यंत सगळ्या केंद्रांवरचे डोस थांबत. फेरतपासणी म्हणजे चार-पाच महिने.

“वहीला न सांगता एकदा मोजता आलं असतं तर…” उत्पला म्हणाली.

“कशावर मोजशील? वहीला चुगली करत नाही असं काय उरलंय इथं? ते पिपेटपण चुगलखोर. माझी बीपीची गोळी राहिली तेवढीच लिहायची बाकी आहे.” फरहाना हसली नाही. “सुगत कसा आहे?”

“पोहायला शिकून राहिला.”

“अरे बाप्पा!” एवढंच म्हणून फरहानाने डब्याचं झाकण लावलं. बराच वेळ ती ते झाकण नीट बसलंय का हे तपासत राहिली. “पाह्य, मी काही म्हणणार नाही. तू घेशील तर मी मशीन लावून देईन. नाही घेशील तर मी आज इथं जेवलेच नाही.”

*

महापालिकेच्या तलावावर रविवारी सकाळी लहान मुलांचा वर्ग असे. त्यात आठ-नऊ वर्षांची पोरं आणि एक एकोणतीस वर्षांचा सुगत. डोक्यावर निळी रबरी टोपी, काठाला दोन्ही हातांनी धरलेलं.

“अंकल, पाय हलवा! पाय!” शेजारची एक मुलगी त्याला ओरडून सांगत होती.

“हलवून राहिलो नं, मॅडम!”

काठावर बसलेली त्याची बायको विशाखा हसता हसता मोबाइलवर टिपत होती. उत्पला तिच्याशेजारी टॉवेल घेऊन बसली. लहानपणी सुगतला गार पाणी वर्ज्य होतं. गारठ्याने क्रायसिस येई. आई त्याच्या आंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघायची, उन्हाळ्यातसुद्धा. शाळेच्या सहलीला नाही, पावसात नाही, मैदानावर नाही. आणि एवढं जपूनही क्रायसिस यायचाच. एकदा त्याने उशीचा कोपरा दातांनी फाडला होता. स्पीकर-अॅम्प्लिफायर दुरुस्त करायला शिकल्यावर त्याला त्या दुखण्यासाठी शब्द सापडला: ताई, हाडात कोणीतरी स्क्रू फिरवून राहिलंय, अन् आटे गेलेत त्याचे, थांबतच नाही.

किल्ली सुरू झाल्यापासून एकही क्रायसिस आला नव्हता.

तो पाण्यातून निथळत वर आला. ओठ जरा निळसर झाले होते, आणि त्याचं कुणालाच भय वाटलं नाही याचंच उत्पलाला भय वाटलं.

“पाहिलं का? सहा फूट गेलो. काठ न धरता.”

“चार,” विशाखा म्हणाली. “व्हिडिओ आहे माझ्याकडे.”

“बायको आहे का पंच आहे ही?”

उत्पलाने टॉवेल पुढे केला. मग, टॉवेलकडे बघतच म्हणाली, “सुगत, समज, किल्ली काही दिवस मिळाली नाही तर?”

त्याने तोंड पुसलं. टॉवेल तोंडावरून काढायला त्याला वेळ लागला.

“कायले असं विचारते, ताई? काही झालं का?”

“नाही. असंच.”

“मग असंच नको विचारू.” तो खाली बसला. “आधी मला माहीतच नव्हतं बिनदुखण्याचं अंग कसं असते. तेव्हा सोसलं. आता माहीत झालं नं. आता परत नाही जमणार.” मग लगेच आवाज बदलून, “चल, पोहे खाऊ. आज मी देतो. खेळाडूकडून.”

*

डॉ. नीलिमा पाटणकर पुण्याहून पडद्यावर आल्या. सगळ्या चाचणीच्या त्या प्रमुख. उत्पलाने खोडलेल्या नोंदींचं पान त्यांच्यापुढे उघडलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं. घाई केली नाही.

“अगं, तू म्हणतेस ते चूक आहे असं मी म्हणतच नाहीये,” त्या म्हणाल्या. “पण ते नमुने खरंच दूषित असले तर? एका शंकेवर चार हजार जणांचं औषध बंद करायचं? बंद केल्यावर काय होतं ते आपण पाहिलंय. मागे एका केंद्राचा पुरवठा दीड महिना तुटला. कुलूप परत लागलं, आणि ते हळूहळू नाही लागत, धाडकन लागतं. दोघं दगावले. ती दोन माणसं धरलेल्या नोंदीत आहेत, उत्पला. तुझी माणसं खोडलेल्यांत.”

“खोडलेली आहेत म्हणून ती नाहीत असं नाही ना, मॅडम.”

“नाही. पण मला एका बाजूला दोन मृत्यू दिसतायत आणि दुसऱ्या बाजूला एक आकडा.” त्यांनी चष्मा काढला. “आणि तुझा भाऊ. तू थांबवलंस तर लोक म्हणतील, भावाच्या काळजीपोटी थांबवलं. नाही थांबवलंस आणि पुढे काही निघालं, तर म्हणतील, भावासाठी दडवलं. तू यातून बाजूला राहा. दुसऱ्या कुणाला तरी उचलू दे हे.”

“कुणाला?”

“आठ जण आहेत की अजून.”

“त्या आठांत एक रेघ तुमची आहे.”

पुण्याच्या खोलीत पंखा फिरत असल्याचा आवाज नागपुरात ऐकू आला.

“आहे,” डॉ. पाटणकर म्हणाल्या. “मला माहीत आहे. मी तसं पान मागवायचं धाडस केलं नाही, इतकंच.”

*

शनिवारी दुपारी प्रयोगशाळा रिकामी झाली, तेव्हा उत्पलाने ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढला. या इमारतीत कागदावर काही लिहिल्याला तिला वर्षं झाली होती.

जे करायचं होतं ते अवघड नव्हतं, नुसतं निषिद्ध होतं. पेशीच्या आत ऊर्जा बनवणारे कण असतात आणि त्यांची स्वतःची छोटी जनुकमाला असते. ती फक्त आईकडून येते आणि सगळ्या भावंडांत जशीच्या तशी असते. एम.एस्सी.ला असताना उत्पलाने स्वतःच्या रक्तावर ती वाचली होती. तीत एके ठिकाणी एक बदल होता, फार थोड्यांत सापडणारा. तो तिला अजून पाठ होता. वहीत तो बदल शोधायला कुणालाच मनाई नव्हती. संशोधक असलं काहीबाही शोधतच असतात. चार नमुने आले. दोन बायकांचे होते. उरलेल्या दोन पुरुषांपैकी एक साठीचा.

राहिलेल्या नमुन्याच्या जनुकांतल्या ओळखखुणा तिने पडद्यावरून एकेक कागदावर उतरवल्या आणि शेजारी स्वतःच्या मांडल्या. वहीत केली असती तर ही तुलना कायमची उमटली असती. शाईचं पेन मध्येच सुकत होतं. ती झटकून पुन्हा लिहायची. अर्धं जुळत गेलं, मग अर्ध्याहून जास्त. शंका उरली नाही. इंदूरच्या प्रयोगशाळेत तपासलेला हा क्रमांक म्हणजे सुगत.

आता फक्त त्याचा आकडा बघायचा होता. तो खोडलेल्यांत असावा, असं तिला वाटलं. असला तर सगळं सोपं होईल. औषध थांबवणं म्हणजे त्यालाच वाचवणं होईल, आणि तो रडला-ओरडला तरी तिच्याकडे त्याला द्यायला एक कारण असेल. आपण भावाच्या रक्तात काय मागतो आहोत हे तिच्या लक्षात आलं आणि पेन धरलेला हात तिने मांडीवर ठेवून दिला.

थोड्या वेळाने तिने नोंद उघडली. ०.२. धरलेली. स्वच्छ.

आनंद व्हायला हवा होता. झालाही, एक श्वासभर. मग तिला कळलं की आता आडोसा उरला नाही. सुगतला किल्लीने आरोग्यच दिलं होतं, निर्भेळ. ती काढून घ्यायची तर त्याच्या भल्यासाठी नाही. ज्यांची नावं तिला कधी कळणार नाहीत, अशांच्या भल्यासाठी. आणि नाही काढली, तर त्या माणसांना याही आठवड्यात, पुढच्याही आठवड्यात, तो डोस टोचला जाणार होता, आणि प्रत्येक डोसागणिक ती एक पेशी वाढत जाणार होती.

*

नागपुरातल्याच इंदोऱ्यात कामठी रोडच्या आत सुगतचं दुकान होतं. रविवारी संध्याकाळी उत्पला गेली तेव्हा तो एका उघड्या अॅम्प्लिफायरवर वाकून तारा जोडायला कथलाचा डाग देत होता. विशाखा मागच्या खोलीतून चहा घेऊन आली. उत्पलाने कप हातात घेतला आणि सगळं सांगून टाकलं. रेघा, नऊ प्रयोगशाळा, कागदावर मांडलेल्या खुणा. त्याचं रक्त स्वच्छ आहे, हेही.

सुगतने डाग देण्याची सळई स्टँडवर ठेवली. धूर सरळ वर जात राहिला.

“तू मला विचारायला आली का सांगायला?”

तिने हातातला कप टेबलावर ठेवला.

“माझं रक्त साफ आहे म्हणते नं? मग?”

“बाकीच्यांचं नाही.”

“बाकीचे कोण? नंबर आहेत नं ते? नाव तरी माहीत आहे का एकाचं?”

“तूपण कालपर्यंत नंबरच होता.”

“वा. हे बरं शिकवलं तुले विज्ञानानं.” तो उठून उभा राहिला आणि दुकानात फिरायला जागा नसल्यामुळे पुन्हा बसला. “ऑटोत माझं तोंड दाबून धरायची तू, आठवते? ऑटोवाला घाबरून उतरवून देईल म्हणून. माझे दात उमटले होते तुझ्या हातावर. तूच नं ती?”

“मीच.”

“मग कोणाला काय सांगू मी? तुला तर सगळं माहीत आहे.”

विशाखा दाराशी उभी होती. “ताई,” ती हळू आवाजात म्हणाली, “हे दुसरं कोणी नाही का सांगू शकत? तुम्हीच कायले?”

“आठ जण सांगू शकतात.”

“मग?”

“प्रत्येक जण बाकीच्यांकडे बघून राहिला, विशाखा. मी पण. तीन आठवडे.”

बाहेर कुणीतरी लग्नाच्या ऑर्डरचं बॉक्स झालं का म्हणून विचारून गेलं. सुगतने “उद्या या” म्हणून सांगितलं. मग तो उत्पलाकडे वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता. त्या जागी जे आलं होतं ते पाहवत नव्हतं.

“बरं. सांग तू. सांगायचंच आहे तर सांग. पण मंगळवारी माझा डोस आहे. तेवढा घेऊ दे. बुधवारी सांग नं. एक महिना मिळेल मला, ताई. एका महिन्यात मी अख्खा तलाव पार करतो. फक्त मंगळवार जाऊ दे. कोणाचं काय बिघडते एका दिवसानं?”

तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचे केस क्लोरीनच्या पाण्याने राठ झाले होते. कप तसाच भरलेला ठेवून ती निघाली. रस्त्यावर आल्यावर ती मनात हिशेब करू लागली: मंगळवारी किती केंद्रं, किती डोस, त्यांत खोडलेले किती असतील. करता करता ती थांबली. भाऊ म्हणाला ते खरंच होतं. एका दिवसाने फारसं बिघडणार नव्हतं. गेल्या प्रत्येक दिवसाने फारसं बिघडलं नव्हतंच.

*

सोमवारी सकाळी सगळ्या प्रयोगशाळांची एकत्र बैठक असे. पडद्यावर बारा चौकटी. डॉ. पाटणकर एकेका शहराचं नाव घेत आणि ज्याने त्याने गेल्या आठवड्याच्या आपल्या नोंदी इतरांशी जुळतात की नाही ते सांगायचं. उत्तर नेहमी एकाच शब्दाचं. चहा थंड होण्याआधी हजेरी संपायची.

फरहाना उत्पलाच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. यंत्राची चावी तिने टेबलावर, दोघींच्या मध्ये ठेवली.

“इंदूर?”

“जुळतं.”

“कोईमतूर?”

“जुळतं, मॅडम.”

उत्पलाचा मोबाइल टेबलावर थरथरला. सुगतचा निरोप होता. ‘उद्या ११ वाजता नंबर लागलाय. दरवेळसारखी येशील नं सोबत?’ खाली विशाखाने काढलेला तलावातला फोटो, निळी टोपी, पाण्यावर जेमतेम तरंगणारं तोंड, हसणारं.

तिने मोबाइल पालथा ठेवला नाही. फोटो तसाच उघडा राहिला.

“जयपूर?”

“जुळतं.”

“नागपूर?”

डॉ. पाटणकरांचे डोळे पडद्यावरून थेट तिच्याकडे बघत होते. नको असंही त्यांत नव्हतं आणि हो असंही नव्हतं. पुढच्या चौकटीतल्या माणसाने आपली पाळी आलीच असं समजून तोंड उघडलं होतं.

“उत्पला?” डॉ. पाटणकरांनी पुन्हा विचारलं.

“नागपूर,” उत्पला म्हणाली. “जुळत नाही.”

कुणाच्या तरी कपाचा बशीवर आवाज झाला.

“आमच्या खोडलेल्या नोंदीवरची रेघ मी मागे घेते आहे. नमुना दूषित होता याला माझ्याकडे कसलाही पुरावा नाही. खोडली तेव्हाही नव्हता. तुमच्यापैकी आठ जणांकडे अशाच नोंदी आहेत, त्या ज्याने त्याने बघाव्यात. आणखी एक लिहून घ्या. चाचणीतल्या एका माणसाची ओळख मी नियम मोडून शोधली आहे. तो माझा भाऊ आहे, त्याचं रक्त स्वच्छ आहे, आणि त्याला हे औषध हवं आहे.” तिने श्वास घेतला. “डोस थांबवा. सगळ्या केंद्रांवरचे, आत्तापासून. उद्याचासुद्धा.”